गच्चीवरचं कपाट

८ नोव्हेंबर

प्रिय भोंग्या,

फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून कागद. कागदाचं एक बरं असतं, तो मध्येच कट करता येत नाही. फाडता येतो, पण त्यासाठी आधी पाकीट फोडावं लागतं, आणि पाकीट फोडलंस की तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस. लहानपणी तू शेजाऱ्यांचीसुद्धा पत्रं वाचायचास.

जनसुनावणीत तू जे बोललास ते मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं. सगळ्या सभागृहाने ऐकलं. माईक बंद पडला होता, पण तुला माईक कधी लागला? जन्मल्याबरोबर असा काही सूर लावलास की नर्सने कानांवर हात ठेवले, म्हणून तर भोंग्या. "हवेचं यंत्र माझ्या बहिणीच्या डोक्यावर आहे, म्हणून तिची हवा सरकारी. माझ्या पोरीच्या डोक्यावर काही नाही, म्हणून तिची हवा बेवारशी." वाक्य चांगलं होतं. प्रदूषण खात्यात मी इतकी वर्षं मजकूर लिहिते आहे, पण असं वाक्य मला कधी सुचलं नाही. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचे बंधू का?" मी म्हटलं, "आवाजावरून तरी तसं वाटतंय."

त्यानंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस. ठीक आहे. पण शर्यतीच्या दिवसाचा राग माझ्यावर काढतोस तेव्हा एक गोष्ट लक्षात घे. हवा मोजायच्या यंत्रातून आकडा येतो. आकड्यापुढे कोणता शब्द लिहायचा याचा तक्ता ठरलेला आहे. मी शब्द लिहिते, खाली सल्ला लिहिते, आणि ते बुलेटिन सकाळी शाळांना जातं. त्या दिवशी शब्द होता 'समाधानकारक'. तू ड्रिलचा मास्तर, तू तो वाचलास, पोरांना मैदानावर काढलंस, आणि शेवटच्या वळणावर खडू, तुझीच पोर, खाली बसली ती उठलीच नाही, उचलून दवाखान्यात न्यावी लागली. आकडा खोटा नव्हता रे. खोटा असता तर बरं झालं असतं, कोणाची तरी गचांडी धरता आली असती. आकडा खरा होता. आमच्या गच्चीवरचा.

हे यंत्र आमच्याच गच्चीवर का, असं तू सुनावणीत विचारलंस. साहेबांनी शास्त्रीय निकष वगैरे सांगितलं. निकष असे होते: जिना वरपर्यंत जायला हवा, विजेची सोय हवी, आणि किल्लीसाठी सोसायटीच्या अध्यक्षांची मनधरणी करावी लागू नये. आमच्या गच्चीला कुलूपच नाही. तू दहावीत असताना पतंगासाठी फोडलंस, नवं आणायचं अजून चाललंय. तेव्हा शहराची हवा कुठे मोजायची हे खरं म्हणजे तू ठरवलंस.

यंत्र बसलं आणि गल्लीचं नशीब फिरलं. आकडा खाली ठेवायचा तर शहर साफ करावं लागतं, नाहीतर यंत्राच्या आसपासचं शहर. दुसरं सोपं पडतं. फवाऱ्याची गाडी दिवसातून कितीदा तरी येते आणि धूळ उडायच्या आत तिला भिजवून बसवते. बेकरीवाल्याची लाकडाची भट्टी खात्याने गॅसची करून दिली. कोपऱ्यावरचा कचरा आता कोणी पेटवत नाही, पहारा असतो. जड वाहनं दुसऱ्या रस्त्याने वळवली. कोणत्या रस्त्याने, ते तुला सांगायला नको. तुझ्या शाळेच्या फाटकातून दिसतातच.

आणि आईचा खोकला गेला. तो आठवतो ना, आधी ती खोकायची आणि मग खोलीत यायची? गेला. आई त्याचं सगळं श्रेय यंत्राला देते. तिला वाटतं ते हवा साफ करतं. 'कपाट' म्हणते त्याला. रोज सकाळी वर जाऊन ओल्या फडक्याने पुसते. मी सांगून थकले.

"आई, ते नुसतं मोजतं. थर्मामीटरने कधी ताप उतरतो का?"

"तुझा थर्मामीटर घूं घूं करतो का? हे दिवसभर घूं घूं करतं. आत ओढतंय म्हणूनच ना?"

मागे तू बोलत होतास तेव्हा एकदा फोनवर खडूने तिला कविता म्हणून दाखवली होती. आईला त्यातली एक ओळ आठवत नाही. मधली शिट्टी आठवते. "पोरीच्या छातीत शिट्टी वाजते गं," एवढंच परत परत म्हणते. माझ्यावरचा राग माझ्यापाशी ठेव, पण खडू कशी आहे तेवढं आईला कळव.

तुझी ताई


२१ नोव्हेंबर

प्रिय भोंग्या,

तुझं कार्ड मिळालं. 'खडू बरी आहे. आईला सांग.' एवढ्या मोठ्या गळ्यातून एवढंच? आईने पुढून वाचलं, मागून वाचलं, पत्ता वाचला, शिक्का वाचला. मग म्हणाली, "बरी आहे म्हणजे बरी नाही. बरी असती तर चार ओळी लिहिल्या असत्या."

आणि तिथून पुढे जे सुरू झालं त्यात माझा काही हात नाही, हे आधीच सांगते.

आमचा फिटर यंत्राची फिल्टरपट्टी बदलायला आला होता. ही पट्टी म्हणजे पांढरी टेप असते, तिच्यावर हवेतली धूळ ठिपक्याठिपक्यांनी बसते. आई त्याला नेहमी वर चहा नेऊन देते. या वेळी चहाबरोबर प्रश्नही नेला.

"हे कपाट उचलून दुसरीकडे नेता येतं का रे?"

"येतं की आजी. माणसं लागतात, क्रेन लागते."

"मग माझ्या नातीकडे ने."

फिटरने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. तो बिचारा समजुतीने म्हणाला, "आजी, हे औषध नाही हो."

"औषध आहे असं मी कुठे म्हटलं? औषध डॉक्टर देतात तिला. त्याने कुठे गुण येतोय?"

मी खाली येऊन तिला पुन्हा सगळं समजावलं. यंत्र, गाडी, भट्टी, ट्रक, सगळं. कागदावर बाण काढून दाखवले. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे कपाट आलं की हवा सुधारते, एवढं तरी खरं ना?" भोंग्या, या प्रश्नाला 'नाही' म्हणता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. शेवटी मी म्हटलं, "सुधारते, पण कपाटामुळे नाही." ती म्हणाली, "तुझ्या ऑफिसात असंच बोलतात का गं सगळे?"

बातमी बिल्डिंगभर झाली. जिन्यात सभाच भरली. तळमजल्यावरचे रिटायर्ड बँक मॅनेजर, जे एरवी आईला नमस्कारसुद्धा तोलूनमापून करतात, ते म्हणाले, "आजी, तुमची नात एकटी आहे. इथे आम्ही सगळी बिल्डिंग आहोत."

"तुम्ही सगळे बरे झालात ना? मग आता औषध पुढच्याला द्या."

"पण ते औषध नाही असं तुमचीच मुलगी सांगते!"

"मग तुम्ही कशाला अडवताय?"

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची वेगळीच अडचण. त्यांनी फ्लॅट विकायला काढलाय, आणि जाहिरातीत 'गच्चीवर हवेचं सरकारी यंत्र' असं छापून बसल्या आहेत. गिऱ्हाइकं येतात, वर जातात, यंत्रासमोर उभी राहून खोल श्वास घेतात आणि 'फरक जाणवतो' म्हणतात. बाई मला म्हणाल्या, "निदान माझं खरेदीखत होईपर्यंत तरी राहू द्या."

म्हणजे आमच्या खात्याबाहेरच्या सगळ्यांना कळलंय की हे यंत्र काय करतं. मोजतं असं फक्त आम्हीच समजतो.

मी आईला म्हटलं, असं यंत्र हलत नसतं, वरून हुकूम लागतो. "मग आण," ती म्हणाली, जशी मी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणार आहे.

तुझी ताई

ता. क. खडूला वळणावर पळवू नकोस असं मी तुला लिहिणार होते, पण मग कळलं की तू तिला पळवणंच बंद केलंयस. तुझ्या बायकोने सांगितलं. ती माझा फोन उचलते, हे तिच्यावर रागवायचं कारण करू नकोस.


१५ डिसेंबर

प्रिय भोंग्या,

सहा वाक्यांचं पत्र! आणि त्यातलं एक माझ्यासाठी. 'तुझ्या साहेबांना सांग, एकदा आमच्या मैदानावर येऊन उठाबशा काढा.' सांगितलं नाही. पण दुसरं काहीतरी सांगितलं.

मी यंत्र हलवायची टिपणी लिहिली. 'सध्याच्या जागेचे मोजमाप शहराचे प्रातिनिधिक नाही, सबब यंत्र ट्रकतळाजवळील शाळेच्या गच्चीवर हलवावे.' साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या खुर्चीमागे हवा शुद्ध करायचं एक मशीन आहे. विचारलं की ते म्हणतात, "पंखा आहे." त्या पंख्याला दिव्यांची रांग आहे आणि ती नेहमी हिरवी असते.

"तिकडे? त्या रस्त्यावर? बाई, तुम्हाला माझी बदली हवी आहे का?"

"नाही साहेब, बढती."

त्यांनी चष्मा काढला. मी बसले. उभ्याने अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत.

"नव्या योजनेत शहरांचे नंबर कशावर लागणार आहेत? आकड्यावर की सुधारणेवर?"

"सुधारणेवर. टक्क्यांत."

"मग आपण सुधारणार कसे? आपला आकडा आधीच गोंडस आहे. तो आणखी किती खाली जाणार? शेजारच्या शहराचा आकडा भयंकर आहे. त्यांच्याकडे नुसता वारा सुटला तरी त्यांचा सत्कार होईल."

साहेबांनी टिपणी पुन्हा वरून खाली वाचली. मागे पंखा हिरवा होता.

"म्हणजे आपण आधी वाईट व्हायला हवं, असं तुमचं म्हणणं?"

"वाईट आपण आहोतच साहेब. फक्त मोजायला हवं."

"आणि मग तिथून खाली आणता येईल?"

"फवाऱ्याच्या गाड्या आपल्याच आहेत. भट्ट्या आपणच बदलतो. ट्रक आपण एकदा वळवले, पुन्हा वळवू."

साहेबांनी चष्मा घातला आणि टिपणीवर सही केली. वर शेरा मारला: 'दूरदृष्टीचा प्रस्ताव.' मी बाहेर आले तेव्हा मला फार शहाणं वाटत होतं. जिना उतरेपर्यंतच. खडूला श्वास घेता यावा हे कारण मी टिपणीत लिहिलं असतं तर कागद अजून टेबलाटेबलांवर फिरत असता. शहर वाईट दिसेल आणि मग चांगलं दिसेल, हे लिहिलं तर एका बैठकीत काम झालं. सगळ्यांचं भलं होणार असेल तर गैर काय, असं तू म्हणशील. कदाचित म्हणणार नाहीस. तुझं मला कधी नक्की सांगता येत नाही.

'ट्रक पुन्हा वळवू' असं मी म्हटलं खरं. कुठे, ते साहेबांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. शहरात ट्रकांना जायला दोनच रस्ते आहेत.

आईला सांगितलं की हुकूम निघाला. तिने मला जवळ घेतलं. मला बढती मिळाली तेव्हासुद्धा घेतलं नव्हतं. मग विचारलं, "तिकडे ते पुसणार कोण?" तर आता तुझ्यावर एक काम आलंय. ओलं फडकं, पिळून. पाणी आत जाता कामा नये.

तुझी ताई


९ जानेवारी

प्रिय भोंग्या,

कपाट तुझ्याकडे पोचलं. क्रेनवाल्याने उचललं तेव्हा सगळी बिल्डिंग गच्चीवर आली होती. बँक मॅनेजर गंभीर चेहऱ्याने उभे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं खरेदीखत झालं नव्हतं, त्या आल्याच नाहीत. आईने क्रेनवाल्याला दहा वेळा बजावलं, "हळू, आत नाजूक असेल." खाली ट्रकवर ठेवल्यावर ती हात जोडणार असं मला वाटलं, पण तिने फक्त एका कोपऱ्यावरचा डाग पुसला.

फिटर सांगत होता, तू त्याला शिडी धरून दिलीस. फक्त विचारलंस, "आकडा कधी येईल?" दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी संगणकासमोर बसले होते. पहिल्यांदा वाटलं, वायर चुकीची जोडलीय. फिटरला फोन केला. तो म्हणाला, "बाई, टेप बघा येऊन. ठिपका नाही, डांबर आहे."

या नोकरीत मी तो शब्द पहिल्यांदा लिहिला. 'गंभीर'. तक्त्यात तो सगळ्यात खाली आहे, आजवर त्याच्यापर्यंत बोट कधी गेलंच नव्हतं. खाली सल्ला: 'मुलांना मैदानावर नेऊ नये.' साहेबांना तो जरा उघडावाघडा वाटला. त्यांच्या मनात 'नागरिकांनी शक्यतो खोल श्वास टाळावा' असं होतं. मी म्हटलं, सुधारणा दाखवायची तर सुरुवात ठसठशीत हवी. पाठवा म्हणाले. सल्ला सगळ्या शहरासाठी असतो, पण तो मी एका मैदानासाठी लिहिला.

खात्यात धावपळ चालू आहे. 'हवा शुद्धी पंधरवडा' जाहीर झालाय, त्याचं उद्घाटन मोटारसायकलींच्या फेरीने झालं. तुझ्या फाटकाबाहेर कुंड्या ठेवायचा बेत आहे. त्याचा राग करू नकोस, कुंड्या निरुपद्रवी असतात. गाड्या पुढच्या आठवड्यापासून सुरू होतील. फवारेवाला तोच आहे, आमच्या गल्लीतला. त्याला मी तुझ्या शाळेचा रस्ता समजावून सांगायला लागले तर म्हणाला, "रस्ता नको बाई. कपाट कुठल्या गच्चीवर आहे तेवढं सांगा."

आई मजेत आहे. जरा सर्दी झालीय, पण दिवसच तसे आहेत. रोज सकाळी फडकं घेऊन गच्चीच्या दारापर्यंत जाते, मग आठवतं, परत येते. तिच्या नावाने खडूला एक पापा.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र आलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं. आईला मी अर्धंच वाचून दाखवलं. उरलेलं अर्धं माझं आहे आणि ते मी परत परत वाचते आहे.

तू लिहितोस की फवाऱ्याची गाडी आली तेव्हा तू फाटक अडवून उभा राहिलास. 'यंत्राभोवती नको, सगळ्या रस्त्यावर मार, पलीकडच्या वस्तीतही मार' असं म्हणायचं होतं. फवारेवाला म्हणाला, "मास्तर, पाणी एवढंच आहे. तिकडे मारलं तर इथे कमी पडेल. सांगा, काय करू?" आणि मागे व्हरांड्यात खडू दोरीवरच्या उड्या मारत होती. न थांबता. तू मागे वळून पाहिलंस आणि फाटक उघडलंस. 'ताई, माझा आवाजच फुटला नाही,' असं लिहिलंयस. 'सुनावणीत तुला जे बोललो ते आता मला कोणीतरी म्हणायला हवं.'

मी नाही म्हणणार. जीभ शिवशिवते आहे, खोटं कशाला सांगू, एवढी आयती संधी मला आयुष्यात मिळाली नव्हती. पण नाही म्हणणार. तुझ्या जागी मीही फाटक उघडलं असतं. इतके दिवस उघडतच होते.

आता माझ्याकडचं. गेल्या पत्रात आईची सर्दी लिहिली होती. ती सर्दी नाही. ट्रक आमच्या गल्लीत परत आले आहेत, खिडकीची तावदानं दिवसभर थरथरतात. बेकरीवाल्याला खात्याकडून गॅस मिळायचा तो थांबला, त्याने जुनी भट्टी पेटवली. फवारा येत नाही. आणि आई आता पुन्हा आधी खोकते आणि मग खोलीत येते. तुला कळवू नको असं तिनेच बजावलं होतं. मी तिला म्हटलं, भोंग्याकडे राहायला जा, तिथे आता गाडी येते. तर म्हणाली, "तिथे आणखी एक माणूस गेलं की तेवढी हवा वाटली जाणार." मी पुन्हा बाण काढायला कागद घेतला होता. मग खाली ठेवला.

कारण तिचा हिशेब मला खोडता येत नाही. ती म्हणते, "बघ, मी म्हणत नव्हते? कपाट गेलं आणि खोकला आला. म्हणजे तिकडे पोरीचा जात असणार." खोकताना ती हे म्हणते, आणि चेहरा कसा असतो सांगू? पैज जिंकल्यासारखा.

मी एक केलंय. बुलेटिनमध्ये सल्ल्याखाली एक ओळ घालायला लागले. 'हा आकडा एका शाळेच्या गच्चीवरचा आहे. तुमच्या गच्चीवर काय आहे, ते आम्हाला माहीत नाही.' साहेब दौऱ्यावर होते, ते परत येईपर्यंत शहराने वाचली होती. आता टेबलावर अर्जांचा ढीग लागलाय. दवाखाना, बालवाडी, बसडेपोचे कंडक्टर, सगळ्यांचं एकच मागणं: आमच्याकडे कपाट पाठवा. त्यातल्या निम्म्यांना खरंच वाटतं की ते हवा साफ करतं. आईचा गैरसमज आता शहरभर झाला. महिनाभरापूर्वी मी प्रत्येकाला समजावणीचं उत्तर लिहिलं असतं. आता एकालाही लिहिणार नाही. सगळे अर्ज तसेच्या तसे पुढच्या सुनावणीत ठेवणार आहे. साहेबांनी मला कारण विचारलंय, लेखी. ते मी देईन. बदली झाली तर तीही घेईन, फक्त आई माझ्याबरोबर येणार नाही म्हणते.

पण अर्ज नुसते टेबलावर ठेवून काही होत नाही, हे आमच्या खात्याइतकं कोणाला माहीत? ते कोणीतरी मोठ्याने वाचायला लागतात. माईक बंदच असेल. तुझ्या पोरीच्या डोक्यावर आता कपाट आहे, त्यामुळे उभं राहायला तुला लाज वाटेल. वाटू दे. लाज वाटत असताना बोललेलं जरा कमी टाळ्यांचं असतं, पण बरं असतं. आईचा अर्ज मीच लिहिलाय, सर्वात वर ठेवलाय. तो आधी वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असा वाच.

आता एकच राहिलं. काल तू फोन केलास, कितीतरी महिन्यांनी, आणि आईने खडूशी बोलायचं सोडून तुला सांगितलं की फोन पोरीच्या छातीला लाव. तुला तिकडून काय वाटलं कोण जाणे. तू 'हॅलो, हॅलो' करत होतास, 'रेंज गेली का?' म्हणत होतास. इकडे काय झालं ते सांगते.

आईने पंखा बंद करायला लावला. खिडकी लावायला लावली. मला हाताने गप्प बसवलं. फोन कानाशी घट्ट धरून, डोळे मिटून ती बसली. बाहेर ट्रक गेला, तो जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "काही ऐकू येत नाही." तुला ती तक्रार वाटली. पण तिने ते मला दोनदा सांगितलं, माझा दंड धरून. "काहीच ऐकू येत नाही गं."

मग फोन माझ्या हातात दिला, आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि खोकायला लागली. बराच वेळ. एवढा वेळ दाबून धरला होता तिने, पोरीचं नीट ऐकू यावं म्हणून.

तुझी ताई